कृमिविवरातून पलीकडे जाता येईल का?

प्रश्न : कृमिविवरे, म्हणजेच वर्महोल, आइन्स्टाइनच्या समीकरणांतूनच निघतात असे वाचले. मग त्यांतून प्रवास करणे जवळजवळ अशक्य आहे, असे शास्त्रज्ञ का म्हणतात? (एक वाचक, कराड)

उत्तर : कृमिविवर म्हणजे अवकाशातील दोन दूरच्या जागांना जोडणारा बोगदा. आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी १९३५ मध्ये असा ‘पूल’ मांडला, तेव्हा त्यांच्यासमोर प्रवासाचा नव्हे, तर मूलकणांचे वर्णन करण्याचा प्रश्न होता. पुढे १९६२ मध्ये रॉबर्ट फुलर आणि जॉन व्हीलर यांनी दाखवून दिले की हा पूल स्थिर राहत नाही. प्रकाशकिरण पलीकडे पोहोचण्याआधीच तो मिटतो.

मायकेल मॉरिस आणि किप थॉर्न यांनी १९८८ मध्ये प्रश्नच उलटा घातला, आणि ही विचारपद्धती मला या विषयातील सर्वांत मोलाची वाटते. खुले राहणाऱ्या विवराची भूमिती त्यांनी आधी ठरवली आणि त्यासाठी कोणते द्रव्य लागेल, हे समीकरणांकडून काढून घेतले. विवरात शिरताना एकमेकांजवळ येणारे प्रकाशकिरण पलीकडे निघताना फाकले पाहिजेत. कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेले समीकरण किरणांना लागू केले, की नेहमीच्या द्रव्याचे गुरुत्वाकर्षण त्यांना एकत्र आणते, फाकवत नाही, हे स्पष्ट होते. म्हणून विवराच्या सर्वांत अरुंद भागात ऋण ऊर्जा, म्हणजे रिकाम्या निर्वातापेक्षाही कमी ऊर्जा, असावी लागते.

ऋण ऊर्जा ही निव्वळ कल्पना नाही. हेंड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये वर्तवल्याप्रमाणे, निर्वातात अगदी जवळ ठेवलेल्या दोन धातूच्या पट्ट्यांमधील ऊर्जा भोवतालच्या निर्वातापेक्षा कमी भरते. अडचण प्रमाणाची आहे. एक मीटर रुंदीचे विवर खुले ठेवायला गुरू ग्रहाच्या वस्तुमानाशी तुलना करावी इतकी ऋण ऊर्जा लागेल, आणि ऋण ऊर्जा किती व किती काळ साठवता येईल यावर पुंज (क्वांटम) सिद्धांत कडक मर्यादा घालतो.

तरीही समीकरणांनी दार पूर्ण बंद केलेले नाही. हुआन माल्डासेना, अलेक्सी मिलेखिन आणि फेडोर पोपोव्ह यांनी २०१८ मध्ये चुंबकीय प्रभार असलेल्या दोन कृष्णविवरांना जोडणारे, पार करता येण्याजोगे विवर गणिताने मांडले. मात्र त्यातून पलीकडे जायला बाहेरच्या वाटेपेक्षा अधिक वेळ लागतो. त्यामुळे प्रकाशाला मागे टाकणारा आडमार्ग तेथेही मिळत नाही.