युरियातून लाल उजेड

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर म्हणाले, युरिया वापरून लाल चमकणारे नॅनोस्फटिक, म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिक, बनतात. घरी पऱ्हाटीसाठी आणलेलं युरियाचं पोतं आहे. करून पाहू का?
– एक विद्यार्थी, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : सर खरं सांगतात, पण घरी नको रे बाप्पा! यात नायट्रेटसोबत युरिया भडकून जळतो, विषारी वायू निघतात. शिवाय खताच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो. इथे शुद्ध युरिया लागतो.

मी प्रयोगशाळेत करतो ते सांगतो. यिट्रियम नायट्रेट, किंचित युरोपियम नायट्रेट (यिट्रियम, युरोपियम हे दुर्मिळ मृदा धातू) आणि युरिया थोड्या पाण्यात विरघळवून ५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवतो. द्रावण उकळतं, फसफसतं आणि एकदम पेट घेतं. युरिया इथे इंधन. काही मिनिटांत युरोपियम मिसळलेल्या यिट्रियम ऑक्साइडचा पांढरा, हलका फेस उरतो. अतिनील दिव्याखाली तो लालभडक दिसतो. इतक्यांदा पाहूनही मला त्याचा आनंद तेवढाच होतो.

हा लाल उजेड ६११ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, आणि तो युरोपियम देतं. कण लहान-मोठा केला तरी रंग जवळपास बदलत नाही, कारण युरोपियमचे उजेड देणारे आतले ४एफ इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचांआड सुरक्षित असतात. तेज मात्र बदलतं. नॅनोकणाला पृष्ठभाग फार, तिथल्या दोषांत आणि चिकटलेल्या ओलाव्यात ऊर्जा वाया जाते. पुन्हा तापवलं की तेज वाढतं, पण कणही वाढतात. क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखातली रुंद शिखरं अरुंद होतात, त्यावरून कण वाढल्याचं कळतं. युरोपियम प्रमाणाबाहेर घातलं तरी उजेड घटतो.

नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात अशा पदार्थांवर काम चालतं. सरांना सांगून तिथे एकदा जाच.