बॉर्डरवरचं ड्रग्ज अन् महालातली काळजी

प्रश्न: माझा मुलगा कॉलेजात आहे. शहरात एमडी (मेफेड्रोन हे ड्रग) पकडल्याची बातमी वाचली की जीव खालीवर होतो. म्यानमारच्या बॉर्डरला कुंपण घालून टाकलं तर माल अन् तिकडून येणारे लोकं, दोन्ही थांबणार नाहीत का?
– एक आई, महाल, नागपूर

उत्तर: ताई, काळजी अगदी खरी आहे तुमची, पण नुसत्या कुंपणानं भागत नाही. ती बॉर्डर 1643 किलोमीटर, डोंगर-जंगलातली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये कोस्ट गार्डनं सुमारे 5500 किलो मेथ (मेथॅम्फेटामाइन हे ड्रग) पकडलं ते तर अंदमानजवळ समुद्रात, बोटीवर, तिथं कुंपण काय करणार? दोन्हीकडच्या यंत्रणांनी एकमेकांना वेळेवर माहिती द्यायला पाहिजे. त्यासाठी भारत-म्यानमारचा 1993 चा करार आहे, पण 2021 च्या लष्करी उठावानंतर तिकडच्या सीमेलगत बऱ्याच भागात सरकारचा ताबाच राहिला नाही, मग आपल्या अधिकाऱ्यानं फोन करायचा कोणाला? खरं घोडं इथंच अडलंय.

अन् मिझोराममध्ये आलेले म्यानमारमधले चिन जमातीचे लोकं बॉम्बहल्ल्यांतून जीव वाचवून आलेत, मिझो त्यांना आपले भाऊबंदच मानतात. त्यांना तस्करांच्या रांगेत नका बसवू बाप्पा.

कॉलेजजवळ कोणी माल विकताना दिसलं तर 1933 वर कळवा, सरकारची ड्रग्जविरोधी मानस हेल्पलाइन आहे ती. मुलाशी मात्र आजच बोला, न रागावता.