शेकरांचे डबे, केरसुण्या आणि एक करवत

प्रश्न : शेकर या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाच्या लंबगोल लाकडी डब्यांवर, पट्टीच्या जोडावर, बोटांसारखी टोके असतात. ती शोभेची का? तसा डबा करताना माझी पट्टी वळवतानाच तडकते.

उत्तर : शोभेची नाहीत. मेपलची पट्टी रुंदीत फुगते आणि आक्रसते. सरळ कापलेली कड चुकांनी (बारीक खिळ्यांनी) जखडली, तर वाळताना फुगवटा येतो किंवा चीर पडते. अरुंद बोटाची हालचाल थोडी, म्हणून ते तग धरते. बोटांच्या कडा चाकूने तिरक्या तासा, नाहीतर टोके उचलली जातात. आत जाणारे टोकही कागदासारखे पातळ करा.

तडकण्याचे कारण बहुधा जाडी किंवा तिरके धागे. मध्यम डब्याला दीड मिलिमीटर पुरे. उकळीला आलेल्या पाण्यात पट्टी वीसेक मिनिटे ठेवा आणि बाहेर काढताच एका दमात साच्याभोवती गुंडाळा. गार झाली की ती ऐकत नाही. जोडावर पेन्सिलची खूण करा, पट्टी उतरवा, लोखंडी नळीवर धरून चुका ठोका म्हणजे चुकांची टोके आत वळतील. चुका तांब्याच्याच हव्यात : लोखंड ओल्या लाकडात गंजून डाग पाडते. मग दोन्ही तोंडांत लाकडी गुटके बसवून दोन दिवस वाळवा. गुटक्यांना हवेसाठी भोके ठेवायला विसरू नका. झाकणाची पट्टी साच्यावर नव्हे, डब्यावरच वळवतात. म्हणून ते नेमके बसते. तळ आणि माथा पाइनचा, बारीक लाकडी खुंट्यांनी धरलेला.

प्रश्न : चपटी केरसुणी त्यांचीच का?

उत्तर : श्रेय न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हलीट या शेकर वस्तीतल्या थिओडोर बेट्स यांना देतात, साल १७९८. त्याआधी काड्यांचा गोल जुडगा दांड्याला बांधत. त्याची मोजकीच टोके जमिनीला लागत. ज्वारीच्या कुळातल्या ब्रूमकॉर्नचे तुरे दांड्याला तारेने आवळून, शेगड्यात (घट्ट पकडीत) दाबून चपटे करायचे आणि दाभणाने आडव्या ओळींत शिवायचे. शिवण ढिली राहिली की काड्या पसरतात आणि केर मधून निसटतो.

प्रश्न : गोल करवत टॅबिथा बॅबिट यांनी शोधली?

उत्तर : मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड गावच्या शेकर वस्तीतल्या या भगिनीचे नाव १८१३च्या सुमारास जोडले जाते, पण इंग्लंडमध्ये १७७७चे सॅम्युएल मिलर यांचे पेटंट आहे. त्यामुळे 'पहिली' म्हणणे टिकत नाही.