एकाच पुलाची ४१ चित्रं आणि एकही पूर्ण नाही

एका वडिलांचं पत्र आलंय, थोडक्यात असं: "मी नाशिकला अंबडमध्ये एका कंपनीत क्वालिटीला आहे. मुलगी अकरावी कॉमर्सला. तिला व्हिडिओ गेममधली ठिकाणं काढायचं काम करायचंय, एन्व्हायर्नमेंट कॉन्सेप्ट आर्ट म्हणतात त्याला. आमचा विरोध नाही, मागच्या वर्षी पेन टॅब्लेट घेऊन दिला. पण सहा महिन्यांत होळकर पुलाजवळच्या घाटाची ४१ चित्रं काढली आणि एकही पूर्ण नाही. कशात नाशिक बुडालेलं, कशात नुसत्या सावल्या. मी नियम केलाय, दर रविवारी एक पूर्ण चित्र दाखवायचं, नाहीतर टॅब कपाटात. तीन आठवडे झाले टॅब कपाटात आहे आणि ती बोलत नाही. एका संस्थेचा १ वर्षाचा गेम आर्ट डिप्लोमा आहे, फी २ लाख ६० हजार, प्लेसमेंटची हमी देतात. घालू का? सोबत तिच्या वहीचे फोटो जोडतोय."

दादा, नमस्कार.

डिप्लोमाचं नंतर बोलू. तुमच्या पत्रात "आणि ती बोलत नाही" असं आहे ना, ते तुम्ही टॅबच्या वाक्याला जोडून लिहिलंत आणि लगेच फीवर गेलात, मी मात्र तिथेच थांबले. सतरा वर्षांची मुलगी तीन आठवडे बापाशी बोलत नाहीये आणि पत्र मात्र फीबद्दल. आणि वहीचे फोटो तिला विचारून पाठवलेत का हो? पत्राच्या सुरावरून वाटतंय की नाही. तसं असेल तर आज घरी गेल्यावर तिला सांगून टाका, की मी फोटो काढले आणि एका बाईंना दाखवले. ती चिडेल, चिडू द्या, पण नंतर दुसरीकडून कळलं तर ती वही तुम्हाला पुन्हा कधी दिसणार नाही.

तुम्ही वाईट बाप नाही, हे मला पत्रावरूनच कळतंय. माझ्याकडे येणारे बरेच पालक चित्रकला म्हटलं की वही फेकून देतात, तुम्ही टॅब घेऊन दिलात. पण सपोर्ट करणाऱ्या आईवडिलांचं प्रेशर वेगळं असतं आणि ते जास्त चिवट असतं, कारण त्याच्याशी भांडता येत नाही. विरोध असता तर ती भांडली असती. तुम्ही म्हणता मी तर सगळं दिलंय, मला फक्त रिझल्ट दाखव, मग ती काय बोलणार?

आता तुमच्याच कामातलं उदाहरण घेते, कारण तुम्ही क्वालिटीला आहात आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. नवीन डाय, म्हणजे पार्ट काढायचा साचा, आली की पहिल्याच दिवशी कोणी त्यातून माल पाठवतं का? ट्रायल घेतात, पीस निघतो, मोजतात, कुठे बर, म्हणजे कडेला जास्तीची धार, येतेय कुठे माप जातंय ते लिहून ठेवतात, पुन्हा ट्रायल, आणि मग कधीतरी फर्स्ट पीस अप्रूव्हल. त्या ट्रायलच्या पीसला तुम्ही रिजेक्शनमध्ये धरता का? नाही ना. मग लेकीची ४१ चित्रं म्हणजे ४१ ट्रायल आहेत आणि तुम्ही दर रविवारी त्यावर फायनल इन्स्पेक्शन लावताय. ती चित्रं पूर्ण करायला काढलेलीच नाहीयेत दादा.

मी ते फोटो नीट बघितले, मोबाइलवर नाही, कॉम्प्युटरवर मोठे करून. एका पानावर काडेपेटीएवढे सहा चौकोन, सहाही चौकोनांत तीच जागा, तोच पूल, त्याच पायऱ्या, तोच दुतोंड्या मारुती, नदीपात्रातली ती उंच मूर्ती. फक्त तीन छटा, पांढरा, मधला करडा आणि काळा. प्रत्येक चौकोनाखाली वेळ लिहिलीय, "६.४० ढग", "६.५५ ऊन आलं", "संध्या. ६.१५". अकरावीतली मुलगी सकाळी पावणेसातला घाटावर जाऊन बसते आणि १५ मिनिटांत काय बदललं ते टिपते. याला या लाइनमध्ये व्हॅल्यू स्टडी म्हणतात, रंग सोडून नुसत्या उजेड-अंधाराचा अभ्यास, आणि छोट्या चौकोनांना थंबनेल. स्टुडिओत कुठल्याही ठिकाणाचं काम इथूनच सुरू होतं, रंग आणि बारकावे खूप नंतर येतात, आणि कॉन्सेप्ट आर्टिस्टने काढलेल्यातलं बहुतेक काम कधी कुणाला दिसतही नाही. आधी हे ठरतं की उजेड कुठून येतोय आणि नजर कुठे जातेय.

आणि एका ठिकाणी तिने लिहिलंय, "पुलाच्या पोटाला खालून उजेड, पाण्यावरून??" दोन प्रश्नचिन्हं. ती वाचून मला खरंच फार आनंद झाला. ऊन कोवळं असतं, तिरपं येतं, पाण्यावर पडतं आणि उलटून वर पुलाच्या खालच्या बाजूला लागतं, जिथे सरळ ऊन एरवी पोचतच नाही. रोज त्या पुलावरून हजारो माणसं जातात, किती जणांनी पाहिलं असेल? गेममध्ये हा उलटून येणारा उजेड, बाउन्स लाइट, नसला तर पूल कापून चिकटवल्यासारखा दिसतो. कित्येक वर्षं गेम बनवणारे लोक तो उजेड आधीच हिशोब करून भिंतींवर बसवून ठेवायचे किंवा न दिसणारे दिवे लावून खोटा आणायचे, २०२२ ला अनरियल इंजिन ५ हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर आलं त्यात ल्युमेन नावाची सोय आहे, ती हा हिशोब गेम चालू असतानाच करते. पण हिशोब मशीनने केला तरी दिसतंय ते खरं वाटतंय का, हे सांगायला खरा उजेड पाहिलेला माणूस लागतो. तसंच ओल्या पायरीचं. ओला दगड कोरड्यापेक्षा काळा दिसतो आणि सूर्याकडे तोंड करून बघितलं की तोच चमकतो, तिने एकाच पानावर दोन्ही बाजूंनी काढलंय. सावलीत निळी पेन्सिल फिरवलीय, कारण सावलीत ऊन नसतं पण आभाळाचा उजेड असतो. हे तिला क्लासमध्ये कोणी सांगितलेलं नाही, तिने बघून काढलंय.

१७ नंबरचं फसलंय, हे मीही सांगते. सगळीकडे सारखाच काळा, नजर कुठेच थांबत नाही. पण तिलाही माहितीय ते, बाजूला फुली मारलीय आणि १८ मध्ये तीच चूक सुधारलीय. तुमच्या रविवारच्या नियमात १७ नंबरला जागाच नाहीये, आणि १७ नसतं तर १८ आलं नसतं.

आता ते "बुडालेलं नाशिक". तुम्ही त्याला असली काहीतरी चित्रं म्हणालात म्हणून जरा स्पष्ट बोलते, वहीतली सगळ्यात मोलाची पानं तीच आहेत. तिने कल्पना केलीय की गोदेला पूर आला आणि ओसरलाच नाही. होड्या देवळाच्या शिखराला बांधल्यात, बाजार गच्च्यांवर भरलाय, आणि पाण्याबाहेर दुतोंड्या मारुतीचं फक्त डोकं, त्यावर एक दिवा. बाकी अख्खं चित्र करडं, पिवळा तेवढा एकच. आपण नाशिककर पूर कसा मोजतो? मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आधी हाच प्रश्न, मारुती कुठपर्यंत गेला. तिने तीच खूण उचलली आणि एकही शब्द न लिहिता सांगून टाकलं की पाणी किती आहे. गेममध्ये खेळणाऱ्याला पाटी लावून गोष्ट सांगायची नसते, जागेनेच सांगायची असते, आणि अंधारात एकच दिवा ठेवला की खेळणारा आपोआप तिकडे चालायला लागतो. हे डिझाइन आहे, फावल्या वेळेतली चित्रं नाहीत. आणि तुम्ही पत्रात सहज लिहिलंय की २०१९ च्या पुरात तुम्ही तिला पाणी दाखवायला घेऊन गेला होतात. मग ही कल्पना कुठून आली असेल दादा?

एकच जागा परत परत का, हाही तुमचा प्रश्न आहे. क्लोद मोने नावाचा फ्रेंच चित्रकार होता, त्याने १८९२-९३ च्या सुमाराला रूआँ गावातल्या एकाच चर्चची ३० पेक्षा जास्त चित्रं केली. समोरच्या बाजूला खोली घेऊन बसायचा, एकाच वेळी बरेच कॅनव्हास चालू, उजेड बदलला की हातातला बाजूला आणि दुसरा पुढे. लांब कशाला, आपल्या नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे सर, त्यांनी नाशिक किती जलरंगांत उतरवलंय. त्यांची घाटाची चित्रं कुठे बघायला मिळाली तर लेकीला घेऊन जा, तिला तिथे काय सापडतं ते बघा.

आता डिप्लोमा. यात एक गैरसमज आहे आणि तो फक्त तुमचा नाही, माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ पालकांचा आहे, की गेम आर्ट म्हणजे सॉफ्टवेअर. चांगला लॅपटॉप, टॅब आणि सॉफ्टवेअरचा कोर्स केला की मुलगा तयार. तसं नसतं हो. सॉफ्टवेअर काही महिन्यांत शिकता येतं, थ्रीडीचं ब्लेंडर तर फुकट आहे, आणि आज शिकवतात ते पाच वर्षांनी वेगळं असणार. नजर तयार व्हायला वर्षं लागतात आणि ती कुठल्याच कोर्समध्ये विकत मिळत नाही. माझ्याकडे एक मुलगा आला होता, असाच महागडा कोर्स करून, पोर्टफोलिओत २० चकाचक चित्रं, सगळी फिनिश. इंटरव्ह्यूत त्याला विचारलं की या गुहेत उजेड कुठून येतोय, त्याला सांगता आलं नाही, कारण समोर रेफरन्सचा फोटो ठेवून उजेडासकट उतरवलेलं होतं. तो मुलगा मेहनती होता, त्याचं फार वाईट वाटलं मला, त्याला कोणी सहा महिने नुसतं बघत बसू दिलंच नव्हतं. आणि प्लेसमेंटची हमी म्हणतात तेव्हा विचारा, मागच्या बॅचची मुलं आज नेमकं कोणतं काम करतात आणि त्यांच्याशी बोलता येईल का. उत्तर देताना आढेवेढे घेतले की समजून जा. माझं मत, आत्ता हे २ लाख ६० हजार भरू नका. बँकेत राहू द्या, बारावीनंतर डिग्रीला लागतील.

प्रवेश परीक्षांचं सोपं आहे, बीएफएला, म्हणजे चित्रकलेच्या डिग्रीला, राज्याची सीईटी, डिझाइनच्या डिग्रीला आयआयटीची यूसीड आणि एनआयडी म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनची डॅट, कॉमर्स असलं तरी चालतं, तयारी बारावीत सुरू केली तरी पुरते.

नोकरीचं मात्र लपवून ठेवत नाही. नुसत्या कॉन्सेप्ट आर्टच्या जागा थोड्या असतात आणि नवख्याला तर फारच थोड्या, २०२३ आणि २४ मध्ये जगभरच्या गेम कंपन्यांनी हजारो लोक काढले, आणि एआयमुळे सुरुवातीची कामं कमी होतील ही भीती खोटी नाही. आपल्याकडे पुण्यात-मुंबईत युबिसॉफ्ट आहे, बंगळुरूत रॉकस्टार आहे, बाहेरच्या कंपन्यांची कामं करून देणारे स्टुडिओ आहेत, आणि तिथे जास्त करून थ्रीडीत ठिकाणं बांधणारे लोक लागतात, लाइटिंग आर्टिस्ट लागतात. तुमच्या लेकीची वही बघून मला तर वाटतं तिचा कल लाइटिंगकडे जास्त असेल. पण हे मी आत्ता तिला सांगणार नाही आणि तुम्हीही सांगू नका, ती १७ वर्षांची आहे, तिला स्वतःला सापडू दे. तोवर कॉमर्स नीट चालू राहू दे, बारावीला बरे मार्क हवेतच, त्याबद्दल तिला सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. अभ्यासाची वेळ ठरवा, झोपेची ठरवा. वही मात्र तपासायची नाही.

तर करायचं काय. टॅब आजच काढून द्या, अट न घालता, आणि रविवारचा नियम बंद झाला हे तोंडाने सांगा, नुसतं गप्प बसून सोडून देऊ नका, नाहीतर ती पुढच्या रविवारची वाट बघत राहील. मग येत्या रविवारी पहाटे सहाला तिला म्हणा, चल घाटावर सोडतो. नको म्हणाली तर नको, त्याच्या पुढच्या रविवारी परत विचारा. आली तर चहा घ्या, पायरीवर बसा, ती काढेल, तुम्ही पुलाच्या पोटाकडे बघा. पावणेसातच्या पुढेमागे तो उजेड येतो म्हणते ती, ढग नसतील तर. सिंहस्थाची कामं चालू आहेत, दोन वर्षांनी हीच जागा अशीच दिसेल का माहीत नाही, तेव्हा आत्ताच बघून घ्या. काय काढतेस, कधी होणार, हे विचारू नका. विचारायचंच असेल तर एवढं विचारा, उजेड कुठून येतोय?

आणि एक राहिलं. २९ नंबरच्या फोटोत खाली उजव्या कोपऱ्यात तिने काहीतरी लिहून खोडलंय, त्याच्या बाजूला बाण काढलाय मारुतीकडे. कितीही मोठं केलं तरी मला वाचता येत नाहीये. ती बोलायला लागली की कधीतरी तिला विचारा आणि तिची हरकत नसेल तर मला कळवा.