निरोप्याची नोकरी

सेकंड पीयूचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला की बेळगावातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तोच प्रश्न घेऊन घरंच्या घरं येतात. डिग्रीला रोज जाऊन-येऊन करायचं की हॉस्टेल घ्यायचं?

ही मुलगी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. तिला हॉस्टेलच हवं होतं. वडील गोव्यात कामाला, पंधरा दिवसांतून एकदा येणारे. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "२०२३ पासून बायका-मुलींना सरकारी बस फुकट आहे. मग हॉस्टेलचा खर्च कशाला?" दोन बैठका अंतर आणि खर्च यांतच गेल्या.

तिसऱ्या वेळी मी तिला विचारलं, "समज, तू हॉस्टेलवर गेलीस. पहिल्या रात्री काय होईल?"

"आईचा फोन येईल. पप्पांना सांग, गॅस संपलाय."

"आई स्वतः का सांगत नाही?"

ती ओढणीचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "ते दोघं बोलत नाहीत, मॅडम. मी पाचवीत असल्यापासून माझ्याकडूनच बोलतात." आणि स्वतःच दचकून माझ्याकडे बघू लागली. "म्हणजे हॉस्टेलवर गेले तरी हे माझ्यामागं येणारच की."

मी पोराला एकट्याला कधीच ऐकत नाही, त्याचं घर ऐकते. इतक्या वर्षांत या पद्धतीनं मला क्वचितच दगा दिलाय. तिला गाव सोडायचं नव्हतं, निरोप्याची नोकरी सोडायची होती. आणि ती नोकरी मोबाईलवरूनही चालते.

वडील आले त्या शनिवारी तिघांना बोलावलं. मुलीची खुर्ची मुद्दाम मागं ठेवली. आईनं मान वळवून तिलाच सुरुवात केली, "त्यांना सांग..."

मी थांबवलं. "ती आज निरोप नेणार नाही. ते समोर बसलेत."

बराच वेळ कुणीच बोललं नाही. असल्या वेळी मध्ये न बोलणं हेच माझं काम, आणि ते मला येतं. शेवटी आई जमिनीकडे बघत म्हणाली, "बोअरची मोटर जळालीय. दोन महिने झाले."

"मला कुणी सांगितलंच नाही," वडील म्हणाले. मुलीला नाही, बायकोला.

त्यानंतर हॉस्टेलचा विषय दहा मिनिटांत संपला. मुलगीच म्हणाली, "पहिलं वर्ष घरून करते."

तुमच्या घरी हा वाद चालू असेल, तर फीच्या आधी एक कागद घ्या. घरातलं कोणतं काम फक्त या मुलावर किंवा मुलीवरच आहे, ते लिहा. आजीची औषधं, धाकट्याचा अभ्यास, आई-वडिलांतला निरोप, काहीही. त्यातलं कोण काय उचलणार हे ठरल्याशिवाय जागा बदलून उपयोग नाही. प्रवास मोजताना खानापूर ते बेळगाव हे पंचवीसेक किलोमीटर मोजून थांबू नका. गावातून खानापूरपर्यंतची बस, तिची वाट बघणं, प्रॅक्टिकल संपल्यावर गावाकडे परत काय मिळतं, सगळं धरा. मे महिन्यात सोपी वाटणारी वाट जुलैच्या पावसात, मलप्रभा भरली की, वेगळी असते. प्रवासात अभ्यासाचा जीव जात असेल तर हॉस्टेल घ्याच, फुकट तिकिटाकडे बघू नका. वडिलांना मी हेही बजावलं. दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकल वाढली की पुन्हा बसायचं ठरलंय, आणि या वेळी तारीख आईनं थेट वडिलांना विचारून घेतली.