वीजबिलावर सांख्यिकी

प्रश्न : बी.कॉम.ला सांख्यिकी शिकवते. ‘याचा नोकरीत उपयोग काय?’ असं मुलं विचारतात. अभ्यासक्रम तर ठरलेला. काय करावं?

उत्तर : अभ्यासक्रम तसाच राहू द्या, उदाहरणांची आकडेवारी तेवढी बदला. प्रत्येकाला घरचं वीजबिल आणायला सांगा. नाव आणि ग्राहक क्रमांक आधी झाकून. त्यावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्याची सरासरी, मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा), प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) एक्सेलमध्ये काढू द्या. एप्रिल-मेच्या कूलरने सरासरी वर ओढली जाते, मध्यक फारसा हलत नाही. हे फळ्यावर तासभर सांगूनही पटत नाही. एखाद्या महिन्यात रीडिंग न घेता अंदाजे बिल दिलेलं असतं, मग पुढच्या महिन्यात आकडा उसळतो. तो खोडू नका, कारण शोधायला लावा. हिशेबनीसाचं निम्मं काम तेच. हंगामी निर्देशांक (कोणत्या महिन्यात वापर नेहमीपेक्षा किती जास्त-कमी असतो ते सांगणारा आकडा) मात्र बारा महिन्यांवर काढू नका. निदान तीन वर्षांचे आकडे हवेत.

अंतर्गत मूल्यमापनाच्या 10 गुणांपैकी 4 गणिताला, 6 दुकानमालकाला समजेल अशा एका पानाच्या टिपणाला द्या. गुण नसले तर कोणी मनावर घेत नाही. वसतिगृहातल्यांना बिल कुठलं? त्यांना मेसचा खर्च चालेल.