भावाच्या ट्रीटमेंटला बहिणीची सही चालते का?

कांदिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. धाकटा भाऊ 31 वर्षांचा, स्किझोफ्रेनिया, गोळ्या चालू आहेत तरी कानात आवाज येतातच. एका खाजगी सेंटरने टीएमएस, म्हणजे डोक्याला मॅग्नेटिक कॉइल लावून करतात ती ट्रीटमेंट, सुचवली, आवाज नक्की बंद होतील म्हणाले आणि 30 सेशनचे पैसे आधीच घेतले. फॉर्मवर सही ताईंची. चार सेशननंतर भाऊ म्हणतो मी येणार नाही. सेंटरवाले म्हणतात त्याला काय कळतंय, तुम्ही घेऊन या, पैसे परत मिळणार नाहीत.

ताई, भाऊ सज्ञान आहे, तो नको म्हणत असेल तर तुमच्या सहीवर त्याला जबरदस्तीने तिथे बसवता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 4 प्रमाणे नुसता आजार आहे म्हणून निर्णयक्षमता नाही असं धरता येत नाही, आणि त्याचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटतो हेही कारण होत नाही. ट्रीटमेंटची माहिती त्याला समजते का, परिणाम कळतात का, निर्णय सांगता येतो का, हे डॉक्टरने तपासून लिहायला हवं. नातेवाइकाची संमती चालते ती मुख्यतः कलम 89 खाली ऍडमिट केलेल्या आणि जवळजवळ पूर्ण आधार लागणाऱ्या पेशंटसाठी, तीही तात्पुरती, दर सात दिवसांनी पुन्हा तपासून. तुमचा भाऊ तर घरी राहतो, स्वतःच्या पायाने सेंटरला जात होता.

पण तो नको का म्हणतोय हे आधी शांतपणे विचारा. डोकं दुखतं म्हणून, की आवाजच जाऊ नको सांगतात म्हणून? दुसरं असेल तर त्याच्या नेहमीच्या सायकियाट्रिस्टला लगेच कळवा. गोळ्या मात्र बंद होऊ देऊ नका.

ट्रीटमेंट खोटी नाहीये. विजेचा शॉक देतात ती ट्रीटमेंट वेगळी, टीएमएसमध्ये पेशंट जागा असतो, भूल लागत नाही, क्वचित फिट येऊ शकते. पण अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, 2008 मध्ये मान्यता दिली ती डिप्रेशनसाठी. आवाजांसाठी डाव्या कानाच्या वर-मागच्या भागावर हळू पल्स देऊन सुरुवातीला चांगले रिझल्ट आले, नंतरच्या अभ्यासांत कुठे फायदा दिसला कुठे नाही. त्यामुळे 'नक्की बंद होतील' असं सांगून पैसे घेणं हे मला सरळसरळ दिशाभूल वाटतं.

आता पैसे. व्हॉट्सऍपवरचे त्यांचे मेसेज, पावत्या, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. मग स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पत्र पाठवा: फॉर्मची कॉपी, सेशनचं रेकॉर्ड (याच मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 25 ने तो पेशंटचा हक्क आहे) आणि न झालेल्या 26 सेशनचे पैसे. झालेल्या चार सेशनचे बहुतेक कापतील. उत्तर आलं नाही तर उपनगर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा, मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंत फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होते. पावतीवर 'नॉन-रिफंडेबल' छापलंय म्हणून गप्प बसू नका.

त्या पत्रावर तुमच्यासोबत भावाचीही सही घ्या. आणि तो तयार असेल तर साध्या कागदावर लिहून, सही करून तो तुम्हाला कलम 14 खाली आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो, मग पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे तुम्ही त्याच्या बाजूने बोलाल ते त्यानेच दिलेल्या अधिकाराने.